दमसासाचा जगज्जेता

१९४६ चा एप्रिल महिना. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन या बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हौशी मुष्टियोद्ध्यांची एक लढत होती. रजेवर घरी आलेला बावीस वर्षांचा एक सैनिक लेस्टर नावाच्या सराईत प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला. गावचाच मुलगा असल्याने बघ्यांमध्ये नातेवाईक आणि मित्रांची गर्दी होती. सैनिकाच्या ठोशात जबर ताकद होती. पण अंगावर चरबी चढलेली, आणि सरावाच्या नावाने शून्य. थोड्याच वेळात त्याला धाप लागली. हात वर उचलेनात. अखेर त्या अगतिकतेत त्याने प्रतिस्पर्ध्याला गुडघा मारला आणि पंचांनी त्याला बाद ठरविले. आपल्याच माणसांदेखत झालेली ती फजिती त्याच्या मनाला कायमची लागून राहिली. यापुढे हरायची वेळ आली तर आली, पण दम संपला म्हणून हरायचे नाही, असा निश्चय त्याने केला.

हा सैनिक म्हणजे रोक्को फ्रान्सिस मार्केजियानो. जग त्याला रॉकी मार्सियानो म्हणून ओळखते. सप्टेंबर १९५२ ते एप्रिल १९५६ या काळात तो हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. व्यावसायिक कारकीर्दीत ४९ लढती, ४९ विजय, त्यांतील ४३ प्रतिस्पर्ध्याला निर्धारित फेऱ्यांआधीच गारद करून, असा त्याचा हिशेब आहे. मुष्टियोद्ध्याने लांब पल्ल्याची संथ धाव घ्यावी, की थोडा वेळ जिवाच्या आकांताने जोर लावून मग थोडी विश्रांती, पुन्हा जोर आणि पुन्हा विश्रांती, असा सराव करावा, हा वाद आजही व्यायामशाळांतून रंगतो. त्या वादात मार्सियानोचे नाव हटकून निघते. लांब धावेचे समर्थक त्याला आपला आदर्श मानतात. त्याचे आयुष्य नीट पाहिले तर मात्र उत्तर इतके एकेरी राहत नाही.

कारखान्याबाहेरचे स्वप्न

१ सप्टेंबर १९२३ रोजी ब्रॉक्टनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील पिएरिनो आणि आई पास्क्वालिना हे दोघेही इटलीतून आलेले. पहिल्या महायुद्धात लढून आलेले वडील बुटांच्या कारखान्यात राबत. रोक्को दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनियाने गाठले आणि तो जगेल की नाही अशी अवस्था झाली. ज्याच्या छातीचा भाता पुढे जगभर वाखाणला गेला, त्याच्या फुप्फुसांनी आयुष्याच्या आरंभीच अशी परीक्षा दिली होती.

शाळा त्याने दहावीच्या वर्गातच सोडली. बर्फ आणि कोळसा पोहोचविणाऱ्या मालमोटारीवर हमाली, चर खणणे, रेल्वेचे रूळ टाकणे, थोडे दिवस बुटांच्या कारखान्यात काम, असे मिळेल ते त्याने केले. कारखान्यातला चामड्याचा वास आणि वडिलांचे तिथेच झिजून चाललेले आयुष्य, या दोन्हींपासून त्याला दूर जायचे होते. त्यासाठी त्याने निवडलेली वाट होती बेसबॉलची. १९४३ मध्ये तो सैन्यात भरती झाला. युद्धकाळात त्याची तुकडी काही काळ वेल्समधील स्वान्सी येथे होती. सैन्यातच तो हातात मोजे चढवू लागला. १९४७ मध्ये शिकागो कब्ज या नामांकित बेसबॉल संघाच्या चाचणीसाठी तो नॉर्थ कॅरोलिनातील फेएटव्हिलला गेला; पण चेंडूफेकीत कमी पडतो म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. त्यानंतर मुष्टियुद्ध हा एकच मार्ग उरला.

लहानपणापासूनचा मित्र अ‍ॅली कोलंबो या वाटचालीत त्याच्या सावलीसारखा होता. दोघांनी मिळून आखलेला पहिला कार्यक्रम अगदी साधा होता: पहाटे उठायचे आणि धावायचे. लढत ठरलेली असो वा नसो, ब्रॉक्टनच्या चढउतारांच्या रस्त्यांवर रोज पाच मैल, पुढे सात मैलांपर्यंत. थंडी-पावसाची सबब नाही. वायएमसीएच्या तलावात उभे राहून पाण्याखाली ठोसे मारण्याचा त्याचा व्यायामही गावात सर्वांच्या परिचयाचा झाला. पाण्याचा विरोध मोडून हात फिरविण्याची सवय झाली, की हवेत तो अधिक काळ आणि अधिक जोमाने फिरेल, असा त्यामागचा हिशेब होता.

उणिवांवर उतारा

मार्सियानोला इतक्या दमाची गरज का होती, हे समजण्यासाठी त्याची शरीरयष्टी पाहायला हवी. हेवीवेट गटात तो बुटकाच होता. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, वजन साधारण १८५ पौंड. दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी अवघी ६८ इंच, म्हणजे हेवीवेट जगज्जेत्यांत सर्वांत कमी मापांपैकी एक. लांब हातांचा उंच प्रतिस्पर्धी दुरूनच ठोसे मारून गुण मिळवू शकत असे. मार्सियानोला मात्र त्या ठोशांच्या माऱ्यातून वाट काढत अगदी छातीशी भिडावे लागे. तिथे पोहोचायला ताकद खर्च व्हायची, पोहोचल्यावर मारायला त्याहून अधिक. शिवाय प्रतिस्पर्धी मागे सरकला की हे सारे पुन्हा पहिल्यापासून.

अशा योद्ध्याचा तंत्रावर विसंबून निभाव लागला नसता. चार्ली गोल्डमन या वयस्कर प्रशिक्षकांनी हे ओळखले. मार्सियानो आणि कोलंबो मालमोटारचालकांना विनवण्या करून, त्यांच्याबरोबर प्रवास करत न्यूयॉर्कला गोल्डमन यांच्याकडे जात. गोल्डमन स्वतः एकेकाळी कमी वजनी गटात शेकडो लढती खेळलेले. नवख्या रॉकीच्या पायांची ठेवण चुकीची, डावा हात जवळजवळ निकामी, तोल सुटलेला. त्यांनी त्याला साच्यात कोंबून सुबक मुष्टियोद्धा करण्याचा हट्ट धरला नाही. बुटका आहेस तर आणखी वाक, कमरेतून झुकून आत शिर आणि खालून वर मार, ही शैली त्यांनी घडविली. मात्र ती पेलायला पाय आणि छाती कधीही थकता कामा नयेत, ही त्यांची अट होती.

१२ जुलै १९४८ पासून र्‍होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात त्याची व्यावसायिक घोडदौड खऱ्या अर्थाने सुरू झाली. आधीची एक लढत धरून पहिले सोळा प्रतिस्पर्धी त्याने पूर्ण फेऱ्या होण्याआधीच गारद केले.

दोन पद्धती, एक शरीर

इथे थोडे शरीरशास्त्र पाहणे आवश्यक आहे. मुष्टियुद्धातील फेरी तीन मिनिटांची आणि मधली विश्रांती एका मिनिटाची, हा नियम १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांपासून चालत आला. मार्सियानोच्या काळी जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. म्हणजे ४५ मिनिटे झुंज आणि १४ मिनिटे विश्रांती, एकूण सुमारे एक तास. पण त्या तासभरात श्रम एकसारखे नसतात. काही क्षण ठोशांचा वर्षाव, मग थोडे अंतर राखणे, मग पुन्हा वर्षाव, असे ते चालते.

काही सेकंदांच्या वर्षावासाठी स्नायूंत साठविलेली तयार ऊर्जा उपयोगी पडते. ती चटकन संपते. जोर चालूच राहिला तर शरीर प्राणवायूविना साखर जाळू लागते. पण ते फार काळ चालत नाही, हातपाय जड होतात. दोन माऱ्यांच्या मधल्या संथ क्षणांत आणि फेऱ्यांमधील त्या एका मिनिटात रिकामी झालेली कोठारे पुन्हा भरली जातात. ती भरण्याचे काम प्राणवायूवर चालणारी यंत्रणा करते. म्हणजे ठोसा मारताना एक यंत्रणा आणि पुढच्या ठोशासाठी सावरताना दुसरी.

लांब धावेने ही सावरणारी यंत्रणा मजबूत होते. थांबत थांबत केलेल्या तीव्र सरावाने जोराची यंत्रणा घडते, आणि सावरणाऱ्या यंत्रणेलाही मोठी चालना मिळते. ही दुसरी पद्धत मार्सियानोच्या काळी अज्ञात नव्हती. १९३० च्या दशकात जर्मनीत वॉल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकांनी आणि हर्बर्ट रायंडेल या हृदयतज्ज्ञांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून केलेला विक्रम सोळा वर्षे टिकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकली, तीही ४०० मीटरच्या असंख्य जलद धावा आणि मध्ये हलकी धाव अशा सरावाच्या बळावर. आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते याच हेलसिंकीत. त्यानंतर दोनच महिन्यांनी मार्सियानो जगज्जेता झाला.

पहाटेच्या धावेवर श्रद्धा ठेवणाऱ्या मार्सियानोने झाटोपेकसारखा तक्ता कधी आखला नाही. पण पहाटेची धाव हा त्याच्या दिवसाचा केवळ अर्धा भाग होता, हे त्याचे चाहते विसरतात. दुपारी व्यायामशाळेत घड्याळाच्या ठोक्यावर तीन मिनिटे सराव, एक मिनिट थांबणे, असे चाले. जड पिशवीवर ठोसे, दोरीवरच्या उड्या, सहकाऱ्यांबरोबरची सराव झुंज, सारे फेऱ्यांच्याच मापाने. मोठ्या लढतीआधी कॅट्सकिल डोंगरातील ग्रॉसिंगर येथे तो आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोके. पत्नी बार्बरा आणि लहानगी मुलगी दूर राहत. लढत जवळ येई तसा सराव झुंजींचा जोर वाढत जाई. म्हणजे नाव काहीही द्या, थांबत थांबत करण्याचा तीव्र सराव त्याच्या दिनक्रमात होताच. लांब धावेने त्याने पाया घातला आणि दुपारच्या फेऱ्यांनी त्यावर इमारत चढविली.

तेरावी फेरी

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी त्याने जो लुईला आठव्या फेरीत गारद केले. लुई हा त्याच्या पिढीचा देव. तेव्हा ३७ वर्षांचा आणि उतरणीला लागलेला. लढतीनंतर विजेता मार्सियानो लुईच्या खोलीत जाऊन रडला, असे सांगतात.

पुढची मोठी पायरी २३ सप्टेंबर १९५२ ची, फिलाडेल्फियातील. समोर जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या ठोशाने मार्सियानो कारकीर्दीत प्रथमच खाली पडला. मधल्या काही फेऱ्यांत डोळ्यांत काहीतरी गेल्याने त्याला धड दिसत नव्हते. बाराव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या कागदांवर तो मागे होता. गुणांनी जिंकणे आता अशक्य होते. अशा वेळी बहुतेकांचे पाय जड झालेले असतात. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांकडे सरकला आणि मार्सियानोचा आखूड अंतरावरून आलेला उजवा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. लढत तिथेच संपली.

तो ठोसा क्षणार्धाचा होता. छत्तीस मिनिटांच्या झुंजीनंतरही त्यात पहिल्या फेरीइतकीच ताकद उरली होती, याचे श्रेय वर्षानुवर्षांच्या पहाटेच्या रस्त्यांना द्यावे लागेल. मात्र केवळ संथ धावून असा ठोसा मारता येत नाही. दमल्या अंगाने पूर्ण जोर लावण्याची सवय पिशवीसमोरच लागली होती.

१७ जून १९५४ रोजी एझार्ड चार्ल्सविरुद्ध यँकी स्टेडियममध्ये तो संपूर्ण पंधरा फेऱ्या लढला. तितक्या फेऱ्या लढण्याची ती त्याची एकमेव वेळ. डोळ्यावर जखम झाली असूनही उत्तरार्धात त्याचा मारा वाढत गेला आणि गुणांवर तो जिंकला. तीन महिन्यांनी पुन्हा चार्ल्सशीच गाठ पडली, तेव्हा त्याचे नाक चिरले गेले. रक्त थांबेना. पंच लढत केव्हाही थांबवतील हे त्याला कळून चुकले. आता दम पुरवून वापरायला वेळ नव्हता. होते नव्हते ते पणाला लावायचे होते. आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला गारद केले. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या या दोन लढतींत दोन्ही प्रकारच्या क्षमतांची कसोटी लागली: पहिलीत लांब पल्ल्याची, दुसरीत थोड्या वेळात सर्वस्व ओतण्याची.

दमाची किंमत

या कथेला एक काळी बाजू आहे. ३० डिसेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्माइन विंगो या वीस वर्षांच्या तरुणाशी त्याची लढत झाली. दोघेही मागे हटायला तयार नव्हते. सहाव्या फेरीत विंगो कोसळला तो उठलाच नाही. रुग्णालयात त्याची मृत्यूशी झुंज चालू होती, तेव्हा मार्सियानोने मुष्टियुद्ध सोडण्याचा विचार केला. विंगो वाचला, पण पुन्हा कधी लढू शकला नाही. त्याच्या उपचारांच्या खर्चाचा काही भार मार्सियानोने उचलला आणि पुढे स्वतःच्या लग्नाला त्याला बोलाविले.

दम वाढला की माणूस अधिक काळ उभा राहतो आणि तितकाच अधिक मार खातो. व्यायामाने छाती आणि पाय तयार होतात. मेंदूवर बसणारा हादरा पेलायला कोणताही व्यायाम शिकवत नाही. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक कू चौदाव्या फेरीत कोसळून दगावल्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती टप्प्याटप्प्याने पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणण्यात आल्या.

२१ सप्टेंबर १९५५ रोजी आर्ची मूरविरुद्ध मार्सियानो दुसऱ्या फेरीत खाली पडला, उठला आणि नवव्या फेरीत जिंकला. ती त्याची अखेरची लढत ठरली. २७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. कुटुंबापासूनची ताटातूट त्याला नकोशी झाली होती. व्यवस्थापक अल वाइल यांच्याशी पैशांवरून संबंधही बिघडले होते. रिकाम्या झालेल्या सिंहासनावर त्याच वर्षी फ्लॉइड पॅटरसन बसला. हेलसिंकीत मिडलवेट गटाचे सुवर्णपदक मिळविणारा तो तरुण.

१९५९ मध्ये पॅटरसनला हरवून स्वीडनचा इंगेमार योहान्सन जगज्जेता झाला, तेव्हा मार्सियानोला पुन्हा रिंगणात उतरण्याचा मोह झाला. त्याने सराव सुरू केला. पण जेमतेम महिनाभरात बेत सोडून दिला. दमसास ही बँकेत ठेवलेली ठेव नव्हे, रोजच्या रोज भरावे लागणारे भाडे आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तीन वर्षांच्या खंडात ते भाडे थकले होते. १९६९ मध्ये महंमद अलीबरोबर संगणकाच्या गणितावर आधारलेल्या एका काल्पनिक लढतीचे चित्रीकरण झाले. त्यासाठी त्याने सुमारे ५० पौंड वजन उतरविले आणि दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळल्या. तो चित्रपट पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात न्यूटनजवळ झालेल्या छोट्या विमानाच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला.

आजच्यांसाठी

मार्सियानोनंतर शास्त्र पुढे गेले. १९९६ मध्ये जपानच्या इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल चालवीत होता. दुसरा गट चार दिवस २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने करीत होता. पहिल्या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली, पण प्राणवायूविना जोर लावण्याची क्षमता वाढली नाही. दुसऱ्या गटाची दोन्ही वाढली. जोराची क्षमता तर २८ टक्क्यांनी. यावरून लांब धाव निरुपयोगी ठरल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण हा दुसरा गटही पाचव्या दिवशी अर्धा तास संथ सायकल चालवीत होता, हे सांगायचे मात्र राहून जाते. शिवाय प्रयोगातील तरुण आधीपासूनच खेळाडू होते, आणि सहा आठवडे म्हणजे कारकीर्द नव्हे.

म्हणून प्रश्न यापैकी कोणते, असा नसून केव्हा आणि किती, असा आहे. ऑलिम्पिकमधील तीन फेऱ्यांची लढत विश्रांती धरून अकरा मिनिटांत आटोपते. तिथे तीव्र सरावाचा वाटा मोठा हवा. बारा फेऱ्यांची व्यावसायिक लढत पाऊण तासावर जाते. तिथे पाया रुंद लागतो. लढत दूर असताना लांब धाव, जवळ येईल तसा फेऱ्यांच्या मापाचा तीव्र सराव, हा क्रम बहुतेकांना मानवतो. दूर राहून खेळणाऱ्याची गरज वेगळी, छातीशी भिडणाऱ्याची वेगळी. नवशिक्याने तर सुरुवातीलाच जीव तोडून केलेल्या सरावाच्या मागे लागू नये. पाया नसेल तर त्यात दुखापत आणि निराशा हाती येते.

२०१२ मध्ये, त्याच्या जगज्जेतेपदाला साठ वर्षे झाली तेव्हा, ब्रॉक्टनमध्ये त्याचा भव्य पुतळा उभारण्यात आला. वॉलकॉटला गारद करणारा उजव्या हाताचा ठोसा त्यात साकारला आहे. पुतळ्यात दाखविता येईल तो क्षण तेवढाच. त्याआधीची सहा वर्षे, एप्रिलमधील त्या फजितीनंतर सुरू झालेली रोजची पहाट आणि रोजची दुपार, ही शिल्पकाराच्या आवाक्याबाहेरची होती.